नोंदवहीतल्या चिठ्ठ्या

सरपंचपदाची सोडत निघते, तो कार्यक्रम आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. तहसीलच्या सभागृहात टेबलावर एक काचेची बरणी ठेवलेली असते. सारख्या मापाच्या, सारख्या घड्या घातलेल्या चिठ्ठ्या सगळ्यांना दाखवून त्या बरणीत टाकतात. मग शाळेतलं एखादं लहान मूल बोलावतात आणि त्याच्या हातानं चिठ्ठी काढून घेतात. मूल कशासाठी? तर त्याला गावच्या राजकारणातलं काही कळत नाही, कोण निवडून यावं याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. निवडणारा हात आंधळा पाहिजे आणि बरणीत काय आहे ते मात्र सगळ्यांना दिसलं पाहिजे, या दोन अटी आपल्या लोकांना कोणी शिकवाव्या लागल्या नाहीत. महिन्याची भिशी फोडणाऱ्या बायकांनाही त्या ठाऊक असतात.

आज मला बोलायचं आहे ते अशाच चिठ्ठ्यांविषयी. पण या चिठ्ठ्या संगणकात निघतात, आणि त्यांवर नावांऐवजी आकडे असतात. प्रत्यक्षात मोजलेल्या आकड्यांवरून संगणक नवे, बनावट, पण खऱ्यासारखे आकडे तयार करतो. बनावट म्हटलं की आपण दचकतो. दचकावंच. परंतु बनावट आणि खोटं यांत अंतर आहे, आणि ते अंतर आपल्या शेतीशी, आपल्या लेकरांच्या आरोग्याशी येऊन भिडतं.

मी राहतो मुलचेऱ्याला. गडचिरोली जिल्ह्यातला हा जंगलाचा तालुका. इथे माडिया आणि गोंडी बोलणारी माणसं आहेत, पूर्व पाकिस्तानातून येऊन वसलेली बंगाली कुटुंबं आहेत, तेलुगू कानावर पडते आणि बाजारात मराठी चालते. मी घरात हिंदी-उर्दू बोलतो आणि कविता मराठीत लिहितो. शिक्षण बी.ए.पर्यंत. संख्याशास्त्राशी माझा संबंध आला तो भाचीमुळे. ती नागपूरला हाच विषय घेऊन शिकते. एकदा ती म्हणाली, "मामू, तुम्ही न घडलेल्या गोष्टी लिहिता आणि लोक त्या खऱ्या मानतात. आम्हीही तेच करतो. फक्त कुठून आणल्या ते सांगून करतो." तेव्हापासून मी तिला प्रश्न विचारत आलो. आज जे सांगतो आहे ते त्या प्रश्नोत्तरांतून माझ्या पदरात पडलेलं आहे.

आमच्याकडे धानाचा प्रश्न मोठा. पऱ्हे तयार असतात, बांधी नांगरून ठेवलेली असते आणि रोवणीला पाणी हवं असतं. गडचिरोली जिल्ह्यात वर्षाकाठी साधारण १,३०० ते १,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे सरासरी उत्तम! पण सरासरीनं रोवणी होत नाही. जुलैत ऐन वेळी दहा दिवस उघाड पडली तर पऱ्हे पिवळे पडतात. नंतर चार दिवसांत सगळी भरपाई झाली, की वर्षाची सरासरी पुन्हा तंदुरुस्त. सरकारी तक्ता म्हणतो पाऊस झाला, शेतकरी म्हणतो रोवणा गेला. दोघंही खरं बोलतात.

म्हणून शेतकऱ्याचा खरा प्रश्न वेगळा आहे. रोवणीच्या दिवसांत दहा दिवसांची उघाड पडण्याची भीती किती? शंभरातल्या किती वर्षांत? मामा तलाव, म्हणजे आपला जुना मालगुजारी तलाव, जुलैअखेर भरेल याची खात्री किती धरावी? आता तालुक्याच्या नोंदवहीत समजा ३० वर्षांचा रोजचा पाऊस लिहिलेला आहे. म्हणजे जुलै महिने फक्त ३०. त्यांतल्या चारांत अशी उघाड पडली. यावरून काय म्हणायचं? ते चार सहा असू शकले असते, दोनही असू शकले असते. तीस वर्षं माणसाच्या आयुष्यात पुष्कळ. पण हिशेबाला थोडी.

इथे संख्याशास्त्रज्ञ एक धाडस करतो. तो म्हणतो, आपण दहा हजार जुलै तयार करू. कधीच न पडलेले, पण पडू शकले असते असे.

या धाडसाचं मूळ पत्त्यांच्या डावात आहे. १९४६ साली स्टॅनिस्लॉ उलाम नावाचा पोलिश गणिती अमेरिकेत आजारातून उठत होता. वेळ घालवायला तो एकट्यानं खेळायचा पत्त्यांचा डाव मांडत असे. डाव सुटण्याची शक्यता किती, हे त्याला गणितानं काढायचं होतं. ते फारच किचकट निघालं. मग त्याच्या मनात आलं, शंभर वेळा डाव मांडावा आणि किती वेळा सुटतो ते सरळ मोजावं. हीच युक्ती त्यानं आणि जॉन फॉन नॉयमन यांनी अणुसंशोधनाच्या कामात संगणकावर वापरली. तिला नाव मिळालं माँटे कार्लो, जिथल्या जुगारघरात उलामचे काका पैसे लावत असत त्या गावाचं!

आता दहा हजार जुलै बनवायचे तर कसे? इथे तीन-चार वाटा फुटतात, आणि चुकीच्या वाटा समजल्या की बरोबर वाट नीट कळते.

पहिली वाट आळशाची. नोंदवहीतला सर्वांत कमी पाऊस शून्य आणि सर्वांत जास्त समजा २५० मिलिमीटर. तर शून्य ते अडीचशे यांमधला कोणताही आकडा उचलायचा, सगळ्यांना सारखी संधी. असा पाऊस पडू लागला तर आठ दिवसांत तालुका वाहून जाईल. कारण खऱ्या पावसात कोरडे दिवस आणि रिमझिम दिवस पुष्कळ, धो-धो दिवस मोजके.

दुसरी वाट पुस्तकी. शाळा-कॉलेजात घंटेच्या आकाराचा वक्र शिकवतात. मधे गर्दी आणि दोन्ही कडांना विरळ. माणसांच्या उंचीला तो छान बसतो. पावसाला बसवला तर काय होतं पाहा. समजा जूनमधल्या एका आठवड्याची सरासरी ३० मिलिमीटर आहे आणि चढउतार, ज्याला प्रमाण विचलन म्हणतात, तो ३५. हे दोन आकडे संगणकाला देऊन घंटेच्या वक्रातून पाऊस मागितला, तर दर पाचांतला एक आकडा शून्याच्या खाली येतो. म्हणजे उणे दहा मिलिमीटर पाऊस! ढगांनी आपल्या विहिरीतलं पाणी वर ओढून नेलं असं समजायचं का? सूत्र अचूक होतं, संगणकानं चूक केली नव्हती. फक्त त्या सूत्रानं कधी पाऊस पाहिला नव्हता.

तिसरी वाट चिठ्ठीची. नोंदवहीत जे आकडे खरोखर लिहिलेले आहेत तेच चिठ्ठ्यांवर उतरवायचे, बरणीत टाकायचे आणि डोळे मिटून काढायचे. यात उणे पाऊस येऊच शकत नाही, कारण तो बरणीतच नाही. ब्रॅडली एफ्रॉन या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञानं १९७९ साली या साध्या कल्पनेला शास्त्राचं रूप दिलं. इंग्रजीत तिला बूटस्ट्रॅप म्हणतात. आपल्याच बुटाची पट्टी ओढून स्वतःला वर उचलायचं, अशा अर्थाचं थट्टेचं नाव आहे ते. थट्टा यासाठी की नवी माहिती न आणता, आहे त्याच माहितीच्या आधारे आपली माहिती किती डळमळीत आहे, हे त्यातून कळतं.

घरी करून पाहता येईल. तीस जुलैंचा एकूण पाऊस तीस चिठ्ठ्यांवर लिहा. एक काढा, आकडा वहीत टिपा आणि चिठ्ठी परत बरणीत टाका. पुन्हा हलवा, पुन्हा काढा. असं तीस वेळा. परत टाकणं महत्त्वाचं. परत टाकली नाही तर शेवटी तेच तीस आकडे हाती येतील, फक्त क्रम बदललेला. परत टाकली की काही वर्षं दोनदा-तीनदा येतात आणि काही येतच नाहीत. तिसांतली साधारण अकरा वर्षं एका फेरीत दिसतच नाहीत. या फेरीची सरासरी काढा. मग दुसरी फेरी, तिसरी फेरी. प्रत्येक फेरीची सरासरी थोडी वेगळी येते. हजार फेऱ्यांच्या सरासऱ्या कुठून कुठवर पसरल्या ते पाहिलं, की तुमच्या मूळ सरासरीवर किती भरवसा ठेवायचा ते समोर दिसतं. हाताला हे काम महिनोन् महिने पुरेल. संगणकाला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागत नाही. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोघांनी आर नावाची संख्याशास्त्राची संगणकप्रणाली सुरू केली. दोघांच्याही नावाचं पहिलं अक्षर तेच. तिची पहिली पूर्ण आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० ला आली. ती फुकट मिळते. तिच्यात ही चिठ्ठ्या काढण्याची आज्ञा एका ओळीची आहे, आणि 'परत टाकायची की नाही' हे त्या ओळीतच सांगावं लागतं.

पण चिठ्ठीच्या वाटेवरही एक खड्डा आहे. रोजच्या पावसाच्या सुट्या चिठ्ठ्या केल्या, तर आज शंभर मिलिमीटर, उद्या शून्य, परवा ऐंशी, असा उड्या मारणारा जुलै तयार होईल. खरा पाऊस असा नसतो. आमच्याकडे झड लागते; लागली की तीन-चार दिवस सूर्य दिसत नाही. उघाड पडली तीही सलग पडते. प्रत्येक दिवसाचा आकडा खरा, पण दिवसाचं शेजारच्या दिवसाशी असलेलं नातं तुटलं, आणि दहा दिवसांच्या उघाडीचा आपला प्रश्न तर त्या नात्याचाच आहे! म्हणून जाणकार दिवसाऐवजी सलग आठवड्याची चिठ्ठी करतात. किंवा आधी हे मोजतात, की आज पाऊस असेल तर उद्या पाऊस असण्याची शक्यता किती, आणि आज कोरडं असेल तर किती. तेल अवीवच्या पावसाविषयी गॅब्रिएल आणि नॉयमन या दोघांनी १९६२ साली असाच हिशेब मांडला होता. हा नॉयमन वेगळा, पत्त्यांच्या गोष्टीतला नव्हे. मग संगणक रोज दोन चिठ्ठ्या काढतो. पहिली पाऊस येणार की नाही याची, आणि येणार असेल तर दुसरी किती याची.

कवी म्हणून मला इथे ओळख पटली. सुटे शब्द सगळे खरे असतात, शब्दकोशात असतात. पण माणूस बोलतो तशी ओळ व्हायला एका शब्दाला पुढचा शब्द सोबतीला घ्यावा लागतो.

आता चिठ्ठीची सर्वांत मोठी मर्यादा सांगतो. जे बरणीत नाही ते कधीच निघत नाही. आमची प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. पुढे भद्राचलमला गोदावरीचं पाणी १९८६ साली ७५ फुटांच्या वर गेलं होतं. त्यानंतर २०२२ च्या जुलैत ते ७१ फुटांच्या वर गेलं. छत्तीस वर्षांतली सर्वांत मोठी पातळी. आता असा विचार करा. एखाद्याकडची नोंदवही १९८७ ला सुरू झाली आणि त्यानं २०२१ पर्यंतच्या आकड्यांच्या चिठ्ठ्या केल्या. त्यानं दहा हजार काय, दहा कोटी वेळा चिठ्ठी काढली तरी ७१ फुटांचा पूर निघाला नसता. आणि अहवाल मात्र छातीठोक आला असता, की दहा कोटी प्रयोगांत एकदाही पाणी एवढं चढलं नाही. हे वाक्य शब्दशः खरं आहे आणि नदीकाठच्या माणसाला बुडवणारं आहे. म्हणून चांगला संख्याशास्त्रज्ञ टोकाच्या आकड्यांसाठी वेगळं गणित वापरतो, पाहिलेल्या कमालीच्या पलीकडेही थोडी जागा ठेवतो आणि गावातल्या म्हाताऱ्यांना विचारतो, "बाबा, पाणी कुठवर आलं होतं?" ती खूणही एक नोंदच असते.

हा मोजक्या नोंदींवर चालणारा खेळ केवळ पावसापुरता नाही. आपल्या भागात सिकलसेलचा आजार आहे. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. या आजारात निसर्ग स्वतःच चिठ्ठ्या काढतो. आई आणि वडील दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतः धडधाकट पण अंगात तो गुण बाळगणारे असतील, तर प्रत्येकाच्या बरणीत दोन चिठ्ठ्या असतात. एक निरोगी, एक सदोष. मुलाला दोघांकडून एकेक मिळते. दोन्ही सदोष येण्याची शक्यता चारांत एक.

आता यातली जीवघेणी गैरसमजूत पाहा. पहिलं मूल आजारी निघालं की घरातले म्हणतात, चारांतलं एक होऊन गेलं, आता पुढची तीन सुटली. नाही हो. निसर्ग चिठ्ठी परत टाकतो! दुसऱ्या मुलाच्या वेळी बरणी पहिल्यासारखीच भरलेली असते, आणि शक्यता पुन्हा चारांत एकच. तिसऱ्याच्या वेळीही तीच. सिकलसेलची रक्ततपासणी लग्नाआधी करा असं आरोग्य कर्मचारी सांगतात ते यासाठी. संगणकातल्या आज्ञेतला 'परत टाकायची की नाही' हा लहानसा शब्द एखाद्या घरात एवढा मोठा असतो.

याच आजारानं आणखी एक प्रश्न उभा केला आहे. संशोधकांना रुग्णांच्या याद्या हव्या असतात. त्यांशिवाय औषधाचं, खाटांचं, रक्ताचं नियोजन होत नाही. पण चाळीस घरांच्या गावात नाव पुसून काय लपतं? वय चौदा, मुलगी, अमुक टोला, अमुक समाज, एवढं लिहिलं की अख्ख्या गावाला कळतं ती कोण. उद्या तिचं लग्न जमताना ती यादी आडवी येते. यावर १९९३ साली डोनाल्ड रूबिन या संख्याशास्त्रज्ञानं एक मार्ग सुचवला होता. खऱ्या यादीवरून प्रमाणं शिकायची आणि त्यांवरून बनावट माणसांची यादी करायची. गावात अशी मुलगी नाही, पण अशा मुलींचं प्रमाण तेच. अभ्यासाला ती यादी चालते आणि कोणाच्या दारात बोट दाखवत नाही.

इथेही नातं तुटलं की गंमत होते. वयाची बरणी वेगळी, मुलांच्या संख्येची वेगळी, आणि दोन्हींतून सुट्या चिठ्ठ्या काढल्या, तर सहा वर्षांचा मुलगा आणि त्याला तीन लेकरं, अशी ओळ यादीत येते. म्हणून आधी वय काढायचं आणि मग त्या वयाच्या बरणीतूनच बाकीचं. उलट बाजूनंही जपावं लागतं. गावात नव्वदीची म्हातारी एकच असेल, आणि बनावट यादीत नव्वदीची बाई आली, तर ती बनावट कसली? ती तीच. खऱ्याच्या फार जवळ गेलं तर गुपित फुटतं, फार दूर गेलं तर यादी निरुपयोगी होते. ही तारेवरची कसरत आहे.

तुम्ही म्हणाल, आकडे बनवायचेच असतील तर संगणक कशाला? बनवणारे आपल्याकडे कमी आहेत का? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच फरक सांगतो.

माणसाला मनानं यादृच्छिक आकडे बनवता येत नाहीत. नाणं शंभर वेळा उडवा आणि निकाल लिहा. मग न उडवता मनानं शंभर निकाल लिहा. मनानं लिहिणारा सलग सहा वेळा छाप लिहायला बिचकतो. त्याला ते खोटं वाटतं. खऱ्या नाण्यात मात्र सलग सहा छापा किंवा सहा काटे बहुतेक वेळा सापडतात. वय विचारलं आणि ते ठाऊक नसलं, की माणसं चाळीस, पंचेचाळीस, पन्नास सांगतात. जनगणनेच्या तक्त्यांत शून्य आणि पाचवर संपणाऱ्या वयांची गर्दी दिसते ती त्यामुळे. घरी बसून भरलेला तक्ता असाच ओळखू येतो. त्यात सगळं फार नीटनेटकं असतं.

माणसाच्या या स्वभावावर उपाय शोधणाऱ्यांत एक मराठी माणूस पुढे होता, पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११ चा, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. शिक्षण पुण्यात आणि लंडनला. १९४० नंतर भारतीय कृषी संशोधन परिषदेत त्यांनी पीक कापणी प्रयोगांना शास्त्रशुद्ध घडी बसवून दिली. पीक किती आलं हे नजरेनं ठरवायचं नाही. गाव चिठ्ठीनं निवडायचं, शेत चिठ्ठीनं, आणि त्या शेतातला कापायचा तुकडाही चिठ्ठीनंच. कारण माणसाच्या मर्जीवर सोडलं तर एक जण रस्त्याजवळचं शेत धरतो, दुसरा डोलणारं धान पाहून तिथेच दोरी लावतो. पानसे आणि सुखात्मे यांचं कृषी संख्याशास्त्रावरचं पुस्तक १९५४ साली आलं आणि कृषी महाविद्यालयांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. त्या काळी चिठ्ठ्यांऐवजी छापील तक्ते वापरत. इंग्लंडात टिपेट यानं १९२७ साली ४१,६०० अंकांचा तक्ता छापला होता, आणि ते अंक जनगणनेच्या अहवालांतून उचललेले होते.

आज संगणक ते अंक स्वतः तयार करतो. गंमत अशी की संगणकाचे यादृच्छिक अंक खरे यादृच्छिक नसतात. ते एका सुरुवातीच्या आकड्यातून गणितानं उगवतात. त्या आकड्याला इंग्रजीत बी म्हणतात, पेरायचं बी. तेच बी पेरलं की तेच पीक, ओळीला ओळ तीच. मला हे ऐकून आधी फसवणूक वाटली. भाची म्हणाली, "मामू, यातच इमान आहे. मी बियाचा आकडा कागदावर लिहून ठेवते. उद्या कोणीही तेच बी घालून माझे दहा हजार जुलै पुन्हा उगवून पाहू शकतो." तिच्या बनावट पावसात आणि घरबसल्या भरलेल्या तक्त्यात हा फरक आहे. तिच्या आकड्यांच्या कपाळावर लिहिलेलं असतं, की आम्ही बनवलेले आहोत, अमुक नोंदवहीवरून, अमुक रीतीनं, अमुक बियातून. घरबसला तक्ता मात्र 'मी मोजलेला आहे' असं सांगत फिरतो. खोटेपणा आकड्यात नसतो, त्या सांगण्यात असतो. कथा-कविता लिहिणाऱ्यांना हे पटायला अडचण नाही. आम्हीही न घडलेलं लिहितो. पण त्यावर बातमी म्हणून शिक्का मारत नाही.

आणि तरीही, श्रोतेहो, या सगळ्या हुशारीचा पाया नोंदवहीत आहे. पर्जन्यमापक रोज सकाळी साडेआठला वाचायचा असतो. एखाद्या ठिकाणी रविवारी कोणी गेलंच नाही आणि सोमवारी दोन दिवसांचा पाऊस एकत्र लिहिला, तर संगणक काय शिकेल? या तालुक्यात रविवारी पाऊस पडत नाही आणि सोमवारी दुप्पट पडतो, असं शिकेल, आणि दहा हजार जुलैंतल्या प्रत्येक रविवारी इमानानं ऊन पाडील! महावेध प्रकल्पात २०१७ पासून राज्यात महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली, हे चांगलं झालं. पण यंत्र मंडळाच्या एका जागी असतं. नाल्यापलीकडच्या टोल्यावर पडलेली झड त्याला दिसतेच असं नाही.

पावसाचं एक वेळ चालेल. माणसांचं काय? महाराष्ट्रातल्या स्वयंसेवी संस्थांनी, गडचिरोलीतल्या डॉ. अभय बंग यांच्या पुढाकारानं, गावोगाव बालमृत्यू मोजले. २००१ साली आलेल्या त्या अहवालाचं नाव 'कोवळी पानगळ'. त्यातून दिसलं ते हे, की सरकारी नोंदीत न आलेले बालमृत्यू पुष्कळ होते. जन्मून चार दिवसांत गेलेलं लेकरू, ज्याचं नावही ठेवलं नव्हतं, ते कोणत्याच वहीत नव्हतं. अशा वहीवरून तुम्ही कितीही चांगल्या रीतीनं, कितीही लाख बनावट लेकरं तयार करा, त्यांत ते लेकरू निघणार नाही. त्याच्या जागी एक जिवंत, धडधाकट मूल निघेल आणि त्या हिशेबानं त्या गावाला कमी औषधं, कमी परिचारिका मिळतील. म्हणजे वहीतून जो एकदा गळला, तो संगणकात दहा हजार वेळा गळतो.

आमच्यात ईदचा चंद्र कोणत्या संध्याकाळी दिसेल ते पंचांगवाले आधीच सांगू शकतात. तरी लोक गच्चीवर, माळावर जाऊन तो डोळ्यांनी पाहतात, मगच सण धरतात. हिशेबाला कमी लेखण्यासाठी नव्हे. पाहिलेल्याची साक्ष वेगळी असते म्हणून.

येत्या काळात आपल्या गावांविषयीचे कितीतरी निर्णय अशा बनवलेल्या आकड्यांवर होतील. तलावाचा सांडवा किती रुंद ठेवायचा, पुलाची उंची किती, दवाखान्यात रक्ताच्या पिशव्या किती. त्याला भिण्याचं कारण नाही. फक्त असा आकडा समोर आला की आपण तीन प्रश्न विचारावेत. हा मोजलेला की बनवलेला? बनवलेला असेल तर कोणत्या वहीवरून? आणि त्या वहीत आमचं गाव आहे का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुण्या-मुंबईच्या संगणकात नाही. ते भर पावसात छत्री सांभाळत मापकातलं पाणी मोजणाऱ्या माणसाकडे आहे, दिना नदीला पाणी असताना पलीकडच्या घरी जाऊन जन्ममृत्यू लिहून घेणाऱ्या आशाताईंकडे आहे, आणि घरात जन्मलेल्या, गेलेल्या प्रत्येक जिवाची नोंद करायला जाणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाकडे आहे. या आठवड्यात आपल्या घरची, शेजारची एखादी नोंद राहिली असेल तर ती करून या, एवढीच विनंती.